लेखक व्हावयाचे, तर पुण्यास जावे काय?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी घरांत एक वही हमखास सापडते. कधी ती देव्हाऱ्याखालच्या फडताळात असते, तर कधी विम्याच्या कागदांबरोबर लोखंडी कपाटात. कोणाच्या वहीत कविता असतात, कोणाच्या वहीत काशीयात्रेचे वर्णन, तर कोणी सासूबाईंच्या तोंडून ऐकलेली घराण्याची हकीकत उतरवून ठेवलेली असते. वहीचा धनी ती सहसा कोणास दाखवीत नाही. फारच आग्रह केला तर म्हणतो, "छे हो, सहज आपले लिहिलेले आहे." या 'सहज'च्या आड लिहिण्याची खरीखुरी ओढ असते, आणि तिच्या जोडीला एक भीतीही असते. आपण महाराष्ट्रापासून इतके दूर, आपली मराठी ती काय, आणि आपल्याला छापणार तरी कोण? आज या भीतीविषयीच चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

आमचे बिऱ्हाड उज्जैनच्या फ्रीगंजात, टावर चौकापासून पायी पाच मिनिटांच्या अंतरावर आहे. रेल्वेपुलापलीकडे जुने शहर, महाकाळेश्वराचे देऊळ आणि क्षिप्रेचे घाट. पुलाच्या अलीकडे फ्रीगंज, आणि फ्रीगंजात घड्याळाचा हा टावर. सायंकाळ झाली की चौकाभोवती खाण्याच्या गाड्या लागतात, शिकवणी सुटलेल्या मुलामुलींचे थवे येतात, आणि आमच्यासारखे निवृत्त लोक फेरी मारता मारता गावाची खबरबात घेतात. अशाच एका फेरीत ओळखीच्या घरातील एक मुलगी भेटली. महाविद्यालयात शिकते, वाचनाचा नाद आहे, आणि ती चोरून लिहिते हे तिच्या आजीकडून आमच्या कानी आलेलेच होते. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्यावर तिने हळूच विचारले, "काका, लेखिका व्हायचं असेल तर पुण्याला जावं लागेल ना? आणि इथंच राहायचं तर मग हिंदीतच लिहिलेलं बरं, नाही का?"

आम्ही म्हटले, "बाळ, हे दोन्ही प्रश्न या गावातल्या एका मराठी घरानं ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच हाताळलेत. त्यांचं काय झालं, ते आधी ऐक."

ते घर मुक्तिबोधांचे. पूर्वज खानदेशातील जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात आलेले. वडील माधवराव संस्थानच्या पोलीस खात्यात. त्यामुळे बदल्यांचा फेरा पाचवीला पुजलेला, आणि मुलांच्या शाळाही त्यापायी बदलत राहिलेल्या. थोरले गजानन माधव १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे जन्मले. धाकटे बंधू शरच्चंद्र १९२१ साली. गजाननराव १९३० मध्ये उज्जैन येथे मिडलच्या परीक्षेत नापास झाले होते, ही गोष्ट मुलांच्या गुणपत्रिकेवर जीव टाकणाऱ्या पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावी. पुढे येथील माधव महाविद्यालयात असतानाच ते लिहू लागले. घरची भाषा मराठी. मातोश्री पार्वतीबाईंना वाचनाचे वेड. त्यांच्या आवडत्या लेखकांत प्रेमचंद होते आणि हरिभाऊ आपटेही होते. आईच्या पोथ्या-पुस्तकांत अशा दोन भाषा एकत्र नांदत होत्या, आणि मुलांनी त्या जणू वाटून घेतल्या. थोरला हिंदीत लिहू लागला, धाकटा मराठीत.

हिंदी कवितेच्या इतिहासात गजानन माधव मुक्तिबोध हे नाव आज कोणत्या आदराने घेतले जाते, हे हिंदी मुलखात राहणाऱ्या आपल्या वाचकांस सांगावयास नको. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या 'तार सप्तक' या संग्रहाने हिंदी कवितेस नवे वळण लावले. त्यातील सात कवींपैकी दोघांची मातृभाषा मराठी होती; एक मुक्तिबोध आणि दुसरे प्रभाकर माचवे. माचवे ग्वाल्हेरचे. त्यांनी आमच्या माधव महाविद्यालयात अध्यापन केले, पुढे ते साहित्य अकादेमीचे सचिव झाले, आणि हिंदी, मराठी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहिते राहिले. धाकट्या मुक्तिबोधांनी 'नवी मळवाट' हा कवितासंग्रह १९४९ साली दिला. नंतर आपल्या याच नदीचे नाव धारण करणारी 'क्षिप्रा' ही कादंबरी १९५४ साली, तिच्या मागोमाग 'सरहद्द' १९६२ साली आणि 'जन हे वोळतु जेथें' १९६९ साली प्रसिद्ध केली. कादंबऱ्यांची ही एक मालिका बांधून पुरी करण्यास पंधरा वर्षे लागली. साहित्य अकादेमीचा पुरस्कार त्यांना १९७९ साली त्यांच्या समीक्षाग्रंथासाठी मिळाला.

आता कोणी म्हणेल की, दोघेही भाऊ अखेर उज्जैन सोडून गेलेच की! हे खरे आहे. शरच्चंद्र नागपुरास प्राध्यापक झाले. गजाननरावांचा प्रवास तर पाहिला तरी दम लागतो. बडनगर, शुजालपूर आणि उज्जैन येथे शाळामास्तरकी. बनारसला 'हंस' मासिकात नोकरी. जबलपुरात पुन्हा शाळा. नागपुरात आधी सरकारी माहिती खाते, मग आकाशवाणी, मग 'नया खून' साप्ताहिक. आणि १९५८ पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन. पण ही वणवण बव्हंशी पोटासाठी होती. मोठ्या शहरात गेल्याने लेखक होता येते अशा समजुतीने ती केलेली नव्हती. राजनांदगाव काही साहित्याची राजधानी नव्हे. तरी त्यांचे अखेरच्या वर्षांतील थोर लेखन तेथेच हातावेगळे झाले. आणि ग्वाल्हेरचे भा. रा. तांबे? मुंगावलीस जन्मले, ग्वाल्हेरीत राहिले, १९४१ साली तेथेच वारले. त्यांची समग्र कविता माधव जूलियनांनी १९३५ साली संपादित केली आणि ती घरोघर गेली. तांब्यांची गाणी गुणगुणताना ती ग्वाल्हेरची की पुण्याची, असा प्रश्न महाराष्ट्रात कोणी विचारला नाही.

तेव्हा गावाचा प्रश्न येथेच मिटवू आणि खऱ्या प्रश्नाकडे वळू. लिहिणे सुधारते कशाने?

या विषयावर गजाननरावांचाच एक निबंध आहे, 'तीसरा क्षण'. 'एक साहित्यिक की डायरी' या पुस्तकात तो वाचावयास मिळतो. केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या गप्पांच्या रूपात त्यांनी त्यात कलेचे तीन क्षण सांगितले आहेत. त्यांचा आशय आम्ही आमच्या शब्दांत मांडतो. पहिला क्षण जगण्याचा. एखादा अनुभव काळजाला भिडतो तो. दुसऱ्या क्षणी तोच अनुभव आपल्या वैयक्तिक दुखण्यापासून सुटा होतो आणि एखाद्या चित्रासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. तिसरा क्षण शब्दांचा. आणि हा तिसरा क्षण एका झटक्यात आटोपणारा नव्हे. शब्दांत उतरता उतरता ते चित्र स्वतःच बदलू लागते, वाढते, लिहिणाऱ्यालाच काही नवे सांगू लागते.

हे तत्त्वज्ञान कोणास जड वाटेल, म्हणून घरगुती उदाहरण देतो. समजा, जुन्या शहरातील वडिलोपार्जित घर विकले गेले. व्यवहार पुरा झाला त्या दिवशी आजी घराबाहेर ओटल्यावर बसून राहिली. त्या रात्री लिहावयास बसलात तर कागदावर फक्त हुंदके उतरतील. "ते घर, त्या आठवणी, ते सोन्याचे दिवस!" असे लेख आपण सर्वांनी वाचले आहेत, आणि वाचून लगेच विसरलोही आहोत. तो पहिला क्षण. आता सहा महिने जाऊ द्या. मग ती केवळ तुमची आजी राहत नाही. एक म्हातारी, हातात किल्ली, समोर परक्याचे कुलूप, असे चित्र दिसू लागते. हा दुसरा क्षण. मग तुम्ही लिहू लागता. 'आजी दुःखी होती' असे लिहिता आणि ते खोडता, कारण त्याने काहीच दिसत नाही. 'तिने किल्ली पदराच्या गाठीत बांधली' असे लिहिता. लिहिल्यावर ध्यानात येते की, घर विकल्यावरही तिने किल्ली नव्या मालकाला दिलेली नाही! म्हणजे ती दुःखी असण्यापेक्षा रागावलेली होती. सहा महिने तुमच्या मनात जे नव्हते ते एका वाक्याने उघड केले. आता साऱ्या लेखाचा रोखच बदलला. सुरुवात नव्याने करावी लागणार. हाच तिसरा क्षण, आणि लेखकाची खरी मजुरी येथेच सुरू होते.

आपल्यापैकी पुष्कळजण पहिल्या क्षणाला प्रतिभा समजतात आणि तिसऱ्या क्षणाचा कंटाळा करतात. मुक्तिबोधांची 'अंधेरे में' ही सुप्रसिद्ध दीर्घ कविता १९५७ ते १९६२ एवढ्या काळात घडत गेली. पाच वर्षे एक कविता! आपण मात्र दुपारी लिहितो, संध्याकाळी सुवाच्य अक्षरात उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी संपादकांस पाठवून उत्तराची वाट पाहतो. हल्ली तर फोनवर लिहिले जाते आणि चहा गार होण्याच्या आत शंभर लोकांस पोहोचतेही. साधने सोपी झाली याचा आनंदच आहे. परंतु लेखाला मुरू देण्याचे काम कोणतेही यंत्र आपल्यासाठी करीत नाही. कैरीच्या लोणच्याला आपण जेवढी सवड देतो, तेवढी तरी लेखाला द्यावी.

आता भाषेचा प्रश्न. त्या मुलीच्या मनातील खरा काटा हाच होता. तिची मराठी पुण्याच्या पाहुण्यांनी एकदा हसण्यावारी नेली होती. ती म्हणाली होती, "नळ आलेत, भांडी भरून घेते." पाहुण्यांनी विचारले, "कुठून आले नळ?" झाले! त्या दिवसापासून ती पाहुण्यांपुढे जपून बोलते आणि कागदावर हिंदीच लिहिते. माळव्यातील कोणते मराठी घर या अनुभवातून गेलेले नाही? आपल्याकडे शाळा 'सुटत' नाही, शाळेची सुट्टी 'होते'. भाजी 'करीत' नाहीत, 'बनवतात'. दारापुढचा ओटा हा 'ओटला' असतो.

याबाबतीत आमचे मत असे आहे. अज्ञानाने होणारी सरमिसळ आणि जाणून केलेला वापर यांत महदंतर आहे. निवेदन करताना लेखकाने आपली मराठी घासूनपुसून घ्यावी. शब्दकोश जवळ ठेवावा, जुने चांगले गद्य मोठ्याने वाचावे, लिंग आणि विभक्ती यांबाबत हयगय करू नये. त्याला पर्याय नाही. परंतु आजी बोलते तेव्हा ती 'ओटला'च म्हणेल. तेथे 'ओटा' घातला की आजी खोटी पडते. खानदेशी, वऱ्हाडी आणि कोकणी बोलींनी मराठी साहित्य समृद्ध झाले असेल, तर माळव्याच्या मराठीने लाजावे का? हे शब्द आपण लिहिले नाहीत तर ते छापील मराठीत कधी येणारच नाहीत. कारण ते दुसऱ्या कोणाला ठाऊकच नाहीत.

आणि मराठी की हिंदी? हा निवाडा आपण कोणासाठी करू नये. थोरल्या मुक्तिबोधांनी हिंदीत लिहिले म्हणून ते मराठी घराला परके झाले नाहीत, आणि धाकट्यांनी हिंदी मुलखात वाढूनही मराठीत लिहिले म्हणून त्यांचे काही अडले नाही. आम्ही त्या मुलीस इतकेच सांगितले की, ज्या माणसांविषयी लिहावयाचे ती तुझ्या कानात ज्या भाषेत बोलतात, त्या भाषेत लिही. मात्र पाहुणे हसतील या भीतीने भाषा बदलू नकोस. भीतीने निवडलेल्या भाषेत लिहिताना हात आखडतो, आणि ते वाचणाऱ्याला कळते.

दूर राहण्यात एक अडचण मात्र खरी आहे, आणि ती झाकून उपयोग नाही. आपल्याजवळ जाणता पहिला वाचक नसतो. पुण्या-मुंबईत संपादक, प्रकाशक, लेखक एकमेकांस भेटतात. येथे दाखवावे कोणास? घरची माणसे एक तर "छान, छान" म्हणतात, नाही तर "हे उद्योग कशाला?" म्हणतात. दोन्हींचा उपयोग सारखाच. मुक्तिबोधांना नेमिचंद्र जैन यांच्यासारखा मित्र लाभला होता. दोघांचा पत्रव्यवहार पुढे ग्रंथरूपाने आला, आणि मित्राच्या पश्चात १९८० साली सहा खंडांची 'मुक्तिबोध रचनावली' संपादित करून जैन यांनी मैत्रीचे ऋण फेडले. असा मित्र मागून मिळत नाही. पण पाच माणसांचे मंडळ जमविता येते.

आमच्या घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असे पाच-सहाजण जमतात. चहा आणि चिवडा यांखेरीज खर्च नाही. नियम तीनच. लेख मोठ्याने वाचावयाचा; लेखकाने मध्ये खुलासा करावयाचा नाही; आणि ऐकणाऱ्यांनी आधी हे सांगावयाचे की आपले लक्ष नेमके कोठे उडाले. 'वा, छान' या शब्दांना बंदी आहे. मोठ्याने वाचण्याचा लाभ असा की, लांबलेले वाक्य धाप लागून आपोआप उघडे पडते.

या मंडळात अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आजी येत असत. सातारकडून लग्न होऊन माळव्यात आल्या तो आगगाडीचा प्रवास त्यांनी लिहून आणला होता. आरंभी दोन पाने कुलवृत्तांत, मग प्रवास. वाचून झाल्यावर एकाने भीत भीत म्हटले, "आजी, लेख तिसऱ्या पानावर सुरू होतो. 'खंडव्याला पहाटे थंडी वाजली आणि मी पहिल्यांदा सासूबाईंची शाल मागितली,' तिथं." आजी क्षणभर गप्प राहिल्या. मग त्यांनी पहिली दोन पाने काढून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, "खरं आहे. ती पानं मी तुम्हांला भिऊन लिहिली होती." त्यांच्या नातीने तो लेख संगणकावर उतरवून घेतला. दहा-बारा शब्दांगणिक एक अर्थ ती आजीला विचारीत असे. गेल्या वर्षी आजी गेल्या. मागे चार लेख राहिले, आणि ते वाचू शकणारी, त्यातला प्रत्येक शब्द माहीत असलेली एक नात राहिली.

आता पोटापाण्याविषयी, कारण आईबापांची चिंता तीच असते. लेखनावर संसार चालेल काय? आपल्या भाषांत तो थोड्यांचाच चालतो, हे स्पष्ट सांगितलेले बरे. गजाननरावांच्या नोकऱ्यांची यादी वर दिलीच आहे. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले तेव्हा ते सत्तेचाळिशीचेही नव्हते. आणि 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्यानंतर प्रसिद्ध झाला. हे उदाहरण कोणास घाबरविण्यासाठी दिलेले नाही. नोकरी धरून, रात्री जागून, वर्षानुवर्षे लिहिता येते, एवढेच त्यातून घ्यावे. सकाळचा एक तास ठरवून घेतला आणि रोज एक पान लिहिले, तरी वर्षाकाठी ग्रंथाचा ऐवज होतो.

व्यवहाराच्या चार गोष्टी मात्र नवोदितांनी जाणून असाव्यात. आरंभ मासिकांपासून करावा. तेथून दिवाळी अंक, आणि मग पुस्तक, ही शिडी जुनी असली तरी मजबूत आहे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून किती लेखकांना दिवाळीने जन्म दिला! ज्या अंकास लेख पाठवावयाचा, त्याचे चार अंक आधी वाचावेत. लेखाची प्रत आपल्याजवळ ठेवावी. लेख साभार परत आला तर तो पुन्हा वाचावा, दुरुस्त करावा आणि दुसरीकडे पाठवावा. पुस्तक निघण्याची वेळ आली तर करार लेखी असावा. प्रती किती, मानधन किती आणि केव्हा, हे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. हक्क कायमचे लिहून देऊ नयेत. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे ग्रंथाचा स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. म्हणजे तो नातवंडांच्याही कामाचा आहे. आणि "पैसे भरा, पुस्तक काढून देतो," असे म्हणणाऱ्यास विचारावे की, पुस्तक विकणार कोण? बहुधा उत्तर मिळत नाही, आणि छापील गठ्ठे आपल्याच पलंगाखाली येऊन पडतात.

हे सर्व कशासाठी, असेही कोणी विचारील. इंदुरात १९१७, १९३५ आणि २००१ साली, ग्वाल्हेरीत १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. ग्वाल्हेरच्या संमेलनास कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिल्या महिला अध्यक्षा लाभल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण पेढेही वाटले. हे सोहळे व्हावेतच. पण माळव्यातील मराठी घरात पहाटे पाणी कसे भरले जात होते, दाल-बाफल्यांच्या पंगतीत पुरणपोळी कशी येऊन बसली, मोडीतील पत्रांचा गठ्ठा कोणी आणि का जाळला, हे कोणताही दर्जा सांगणार नाही. ते ज्यांनी पाहिले ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ती पुण्यात राहत नाहीत. तुमच्या-आमच्या घरांत, माजघराच्या खिडकीशी बसलेली आहेत.

म्हणून या महिन्यापुरते एकच काम वाचकांस सुचवितो. घरातील सर्वांत वडील माणसाजवळ तासभर बसावे आणि एक, फक्त एक, गोष्ट विचारावी. तिच्यावर दोन पाने लिहावीत आणि महिनाभर ती पाहू नयेत. मग कोणास तरी मोठ्याने वाचून दाखवावीत, जेथे ऐकणाऱ्याचे लक्ष उडेल तेथे खूण करावी, आणि तेवढा भाग पुन्हा लिहावा. त्यानंतर ती पाने पोस्टाने पाठवा वा ई-मेलने, पण पाठवा. त्या मुलीने आपल्या आजीपाशी बसून आरंभ केला आहे. पहिले पान तिने तीनदा लिहिले, आणि त्यात 'नळ आले' हे शब्द जसेच्या तसे ठेवले आहेत.